मान वर करून

मराठी भाषेने मानेवर जितकी माया केली आहे तितकी दुसऱ्या एखाद्या अवयवावर क्वचितच केली असेल. मुलगा अभ्यासाला बसला की तो मान मोडून अभ्यास करतो. सून घरात आली की तिने मान खाली घालून वागावे अशी अपेक्षा असते. कर्तबगार लेकरामुळे आईबापांची मान ताठ होते आणि नाठाळामुळे शरमेने खाली जाते. शिवाय 'ती मान' आणि 'तो मान' यांत अंतर फक्त लिंगाचे. ती फार वाकली की तो जातो, असे माझ्या आजीचे व्याकरण होते. अशी ही मान आपल्यालाही आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. ती दुखू लागली तेव्हा.

जळगावच्या एका शाळेत मी बालवर्गाला शिकवते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले, पण कादंबरी लिहिणाराला पदवी कोणी विचारीत नाही. पहिल्या दोन कादंबऱ्या मी फुलस्केप कागदांवर लिहिल्या आणि पुढच्या दोन मोबाइलवर. यात हौसेचा भाग थोडा. आमच्या घरात एकच टेबल. त्यावर मुलीची पुस्तके आणि ह्यांच्या बिलांची चळत. मोबाइल मात्र कुठेही मावतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत अर्धे पान होते. माहेर धुळ्याचे. जळगावहून निघालेली एस.टी. एरंडोल, पारोळा करीत धुळ्याच्या स्टँडात शिरेपर्यंत एखादे प्रकरण निम्मे झालेले असते. रात्री सगळी निजली की दिवा न लावताही लिहिता येते. आल्यागेल्याला दार सताड उघडे असलेल्या घरात, आतून लावून घेता येईल अशी एवढी एकच कडी मला सापडली.

मान दुखू लागली ती आधी उजव्या बाजूने. मग खांदा धरला. मग फळ्यावर 'अ' काढायला हात वर केला की कळ यायची. डॉक्टरांनी फोटो काढवला, तो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "ताई, मणके ठीक आहेत. मोबाइलचा छंद तेवढा कमी करा." मानेच्या कळेपेक्षा 'छंद' हा शब्दच मला जास्त लागला. वीस वर्षे पहाटे उठून आणि रात्री जागून केलेल्या कामाला छंद म्हणतात, हे त्या दिवशी समजले. लिहिणे सोडावे की मान सोडावी, असा प्रश्न घेऊन मी घरी आले.

मास्तरणीचा स्वभाव असा, की दुखण्याचीही इयत्ता ठरवावी. म्हणून मी वाचू लागले. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. मान सरळ असली म्हणजे ते सात मणक्यांवर तोलून बसते, पाणी आणणाऱ्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्यासारखे. ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंना बैलाच्या कासऱ्यासारखे ताणून धरावे लागते. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली याचे गणित मांडले. मान ६० अंशांत झुकली तर तिच्यावर सुमारे २७ किलोंचा भार पडतो, असे त्यात निघाले. सत्तावीस किलो म्हणजे पहिलीतले गुबगुबीत पोर मानेवर बसवून कादंबरी लिहायची! पण लगेच घाबरू नये. २०१८ साली ब्राझीलमधल्या १८ ते २१ वर्षांच्या १५० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. मान वाकवून मोबाइल पाहणे आणि मान दुखणे यांचा संबंध तीत आढळला नाही. मोबाइलला सगळा दोष देणाऱ्यांना हे गैरसोयीचे आहे. मला मात्र त्यातून एक गोष्ट समजली. वाकणे हा मानेचा धर्मच आहे. तिला सोसत नाही ते दुसरेच काहीतरी असावे.

ते काय, याचा विचार करताना मला धुळे आठवले. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची जुनी हस्तलिखिते जपून ठेवली आहेत. लहानपणी आजोबांचे बोट धरून मी ती बाडे पाहिली, तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न आला होता : इतके लिहून यांचे हात दुखले नसतील का? दुखत तर होतेच. जुन्या संस्कृत पोथ्यांच्या शेवटी नकलाकार एक श्लोक पुष्कळदा घालीत. पाठ, कंबर, मान मोडून, नजर खिळवून, खाली मुंडी घालून हे कष्टाने लिहिले आहे, तेव्हा जपा बाबांनो, असा त्याचा भाव. म्हणजे माझे दुखणे छापखान्याच्याही आधीचे निघाले! समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर खर्च केला. तरुणपणी काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी कामाला येत नाही, मध्यम काढावे, असे त्यांनी त्यात बजावले आहे. ते वाचले आणि मी मोबाइलवरचे अक्षर दोन घरे मोठे केले.

आजोबा धुळ्यात एका पेढीवर मुनीम होते. गादीवर बसून, पुढ्यातल्या उतरत्या पेटीवर वही ठेवून ते दिवसभर लिहीत. टाक त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मानेची तक्रार त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. आता वाटते, त्यांना मान वर करावीच लागे. चार शब्द झाले की टाक दौतीत बुडवायचा, ओळ वाळण्याची वाट पाहायची, बेरीज आढ्याकडे बघत करायची, पान संपले की उलटायचे. माझ्या मोबाइलला दौत नाही आणि पानही नाही. त्यावरचा कागद संपतच नाही. तासभर बोटे चालतात आणि मान एका जागी रोवलेली राहते. यंत्राने माझी मान वाकवली नाही. ती वर करण्याची निमित्ते तेवढी काढून घेतली.

मग प्रश्न उरला तो लिहावे की नाही, हा. त्याचे उत्तरही आमच्या खानदेशातच मिळाले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. अठरा अध्यायांची अठरा प्रवचने. बोलणाऱ्याची मान ताठ राहिली असेल, पण लिहिणाऱ्याची वाकली म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली. आसोद्याच्या बहिणाबाईंना तर अक्षरओळख नव्हती. ओव्या जात्यावर आणि शेतात सुचत. त्यांतल्या सोपानदेवांनी टिपून ठेवल्या त्या बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. ज्या टिपल्या गेल्या नाहीत त्या वाऱ्यावर गेल्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले, पण त्याआधी कोणीतरी वहीवर मान वाकवली होती.

मुलगी म्हणाली, "आई, मग तू बोल, मोबाइल लिहील. झाला की नाही तुझा सोपानदेव!" मी बोलून पाहिले. शाळेतली मराठी त्याने बरी टिपली. माझ्या कादंबरीतली म्हातारी अहिराणीत भांडू लागली, तेव्हा मात्र त्याने तिच्या तोंडी असे काही घातले की आम्ही दोघी पोट धरून हसलो. सोपानदेव व्हायला आईची बोली ठाऊक असावी लागते.

तेव्हा आता ओट्यावर ज्वारीचा डबा, डब्यावर डोळ्यांसमोर येईल असा उभा मोबाइल आणि खाली मुलीने आणून दिलेला छोटा कीबोर्ड, अशी माझी पेढी आहे. परिच्छेद संपला की दौतीत टाक बुडवायचा असे समजून मी मान वर करते आणि खिडकीतला कडुनिंब पाहते. कळ पुष्कळ कमी झाली आहे. गंमत अशी, की अडलेला शब्द त्या कडुनिंबाकडे पाहतानाच सापडतो. आजोबांची बेरीज आढ्यावरच का जुळे, ते आता कळते.

तुमच्या अंगणातही या दिवसांत रांगोळी पडत असेल. ती काढणारी बाई ठिपक्यांवर वाकते, पण दर थोड्या वेळाने उठून, कमरेवर हात ठेवून, दोन पावले मागे सरून बघते. तेवढ्यात तिची मान मोकळी होते आणि चुकलेली रेघही दिसते. हा अंक वाचतानाही तसेच करावे. एक लेख झाला की वर पाहावे. आकाशकंदील उंच टांगायची चाल ज्याने पाडली, त्याला माणसाची मान चांगली ठाऊक असावी.