माडीवरची बार्शी लाइट

वाई गावाला रेल्वे नाही. पूर्वी पुणे-मिरज मार्गावरचे वाठार हेच वाईकरांचे स्टेशन. पाचगणी-महाबळेश्वरास जाणारी मंडळीही तेथेच उतरत आणि पुढे टांग्याने किंवा मोटारीने वाई गाठून पसरणीचा घाट चढत. अशा या गावात, कृष्णेच्या घाटापासून फार दूर नसलेल्या एका किराणा दुकानाच्या माडीवर गेली पस्तीस-चाळीस वर्षे आगगाड्या धावत आहेत. दुकानाच्या मालकांना बाजारात सगळे ‘काका’ म्हणतात. खाली हळद, मिरची, धने; वर नऊ मिलिमीटर रुंदीचे रूळ.

या छंदाचे मूळ जपानात आहे, आणि ते घरात आले तेही व्यापाराच्याच वाटेने. काकांचे एक मामेभाऊ कोबे शहरी मोत्यांच्या पेढीवर होते. कोबेत आपल्या समाजाची वस्ती जुनी. १९८५ साली तेथे श्री महावीरस्वामींचे मंदिर झाले. पुढच्याच वर्षी दिवाळीला हे मामेभाऊ वाईस आले ते एक पेटी घेऊन. पेटीत शिंकान्सेनचे निळे-पांढरे डबे, रुळांचे तुकडे आणि वीज देणारा एक लहानसा खोका होता. काकांनी त्याच संध्याकाळी रूळ जोडले आणि खोक्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खोचली. जपानात घरगुती वीज शंभर व्होल्टची, आपल्याकडे दोनशे तीस. धूर निघाला, वास आला आणि खोका संपला. जिन्यात उभे असलेले थोरले बंधू एवढेच म्हणाले, “तेवढ्यात दोन पोती साखर आली असती.” हे वाक्य काका अजून विसरलेले नाहीत. गाडी मात्र शाबूत होती. सातारच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बांधून दिला आणि मग ती धावली.

जपानच्या या लहान गाड्यांची माहिती आपल्याकडे फारशी नाही, म्हणून थोडे सांगावे लागते. तोक्योची सेकिसुई किन्झोकू ही कंपनी ‘काटो’ या नावाने आपला माल विकते. तिने १९६५ साली सी-५० नावाचे वाफेचे इंजिन नऊ मिलिमीटरच्या रुळांवर आणले आणि तेथून जपानातल्या ‘एन’ मापाच्या गाड्यांना आरंभ झाला. पुढे १९७६ मध्ये टोमी या खेळण्यांच्या कंपनीने ‘टोमिक्स’ हा दुसरा छाप काढला. जपानी घरे लहान, खोल्या रोज आवरायच्या; त्यामुळे एका चटईवर मावेल आणि रात्री पेटीत परत जाईल अशी रेल्वे तेथे घरोघरी रुजली. खडीसकट साच्यात घडवलेले रूळ एकमेकांत खटकन बसतात, खिळे-हातोडी लागत नाही. शिंकान्सेनचे डबे मूळ गाडीच्या एकशे साठाव्या भागाएवढे, तर जपानच्या इतर गाड्या एकशे पन्नासाव्या. रूळ मात्र दोन्हींना एकच. जपानचे जुने लोहमार्ग १०६७ मिलिमीटर रुंदीचे. काटेकोर हिशेबाने त्यांचे लहान रूप सात मिलिमीटरचे व्हायला हवे. म्हणजे ही इंजिने थोडी पाय फाकून चालतात. आपल्याकडे उलटे होते. भारतीय रुंदमापी मार्ग १६७६ मिलिमीटरचा. सत्त्याऐंशीपट लहान केला तर एकोणीस मिलिमीटरहून जास्त भरतो, पण जगभर त्या मापासाठी मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचेच. त्यामुळे आपली इंजिने पाय जुळवून उभी राहिल्यासारखी दिसतात. तागडी धरलेल्या माणसाला असली तफावत फार लवकर खुपते.

रुंद मापातले काम पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूडला जावे. भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय तेथे १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. सिग्नल, पूल, दिवे आणि एका वेळी धावणाऱ्या अनेक गाड्या असा तो सारा देखावा आहे. ते पाहून परतताना काका एसटीत गप्प होते, असे काकू सांगतात. वाईला आल्यावर त्यांनी माडीवरचे पत्र्याचे डबे हलवले आणि सहा फुटांची फळी टाकली.

संग्रह वाढत गेला. कोबेहून, मुंबईहून, पुढे कुरिअरने. सीमाशुल्क धरून एका इंजिनाच्या किमतीत मध्यम घराचा महिन्याचा किराणा भरावा, हा भाव काकांना तोंडपाठ असे. पण तो आकडा दुकानाच्या रोजमेळात कधीच आला नाही. त्यासाठी वेगळी वही होती आणि ती वही माडीवरच राहत असे. व्यापारी माणसाने वेगळी वही ठेवली की घरात कुजबुज सुरू होते. पुढे दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा वाटणीच्या बैठकीत या वहीचा उल्लेख झालाच. दुकान काकांकडे आले, थोरले बंधू नदीपलीकडच्या घरात राहायला गेले. येणे-जाणे सणावारापुरते उरले. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ होई, ते उंबऱ्यापाशीच.

गाड्या विकत घेणे सोपे असते, चालत्या ठेवणे अवघड. रुळांतूनच वीज जाते, एका रुळातून येते आणि दुसऱ्यातून परतते. चाक आणि रूळ यांच्यामध्ये केसाएवढा मळ आला तरी गाडी अडखळते. दुकानातून वर चढणारी हळद-मिरचीची भुकटी हा काकांचा कायमचा शत्रू. पावसाळ्यात वाईची हवा ओली होते, रूळ काळवंडतात. मग सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसायचे, चाके पुसायची, आसाच्या टोकाला सुईच्या अग्राने तेलाचा अर्धा थेंब द्यायचा. पूर्ण थेंब दिला तर तेल चाकावरून रुळावर येते आणि धूळ धरते. चाकांवर रबराची बारीक कडी असते. ती काही वर्षांत कडक होऊन तडकते आणि इंजिन चढावर घसरू लागते. गाडी वर्षभर पेटीतच राहिली तर दात्यांतले ग्रीस सुकते.

श्रावकाच्या घरात या कामाला आणखी एक चाळणी लागते. पूर्वी सुतार वापरत तो सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. तो माडीवर चढला नाही, फेविकॉलच चालतो. तेल कृत्रिम आहे ना, हे डबीवर वाचून घेतले जाते. परदेशी छांदिष्ट झाडे करण्यासाठी खरे दगडफूल, शेवाळ वाळवून वापरतात. काकांची झाडे सुताराकडच्या भुशाला हिरवा रंग देऊन केलेली आहेत. जवळून पाहिले तर ती भुशाचीच दिसतात, हे मान्य करायला हवे.

काही वर्षांपूर्वी गावात साध्वीजींचा चातुर्मास होता. प्रवचनाचा विषय पाचवे अणुव्रत, परिग्रह-परिमाण. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद आणि कुप्य अशा नऊ प्रकारच्या परिग्रहाची मर्यादा श्रावकाने स्वतःच ठरवायची असते. काकांनी त्या रात्री माडीवरची वही काढली. आगगाड्या कुठल्या रकान्यात घालाव्यात, यावरच अर्धा तास गेला. शेवटी घरसामानाच्या, म्हणजे कुप्याच्या रकान्यात त्या गेल्या. इंजिने अडतीस, डबे दोनशे चौदा. अडतिसांपैकी वर्षभरात रुळावर आलेली अकरा.

दुसऱ्या दिवशी ते पच्चक्खाण घ्यायला गेले आणि इंजिनांची मर्यादा बारा असे म्हणाले. साध्वीजींनी आकड्यावर काही भाष्य केले नाही. एवढेच विचारले, “श्रावकजी, यातली कोणती हरवली तर तुम्हाला झोप लागणार नाही?”

प्रश्न अचूक होता. परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूवरच्या मूर्च्छेत असतो, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेले असते. पण आपली मूर्च्छा नेमकी कुठे बसली आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. काकांना उत्तर लगेच सुचले, आणि ते अडतिसांतले नव्हते.

ती गाडी पुठ्ठ्याची आहे. काकांचे वडील दुष्काळी भागातले, ढालगावच्या बाजूचे. १९४७ च्या सुमारास ते बायको आणि सात वर्षांच्या मुलाला घेऊन बार्शी लाइटमध्ये बसले, मिरजेला उतरले, तेथून मीटरमापी गाडीने वाठारला आणि मोटारीने वाईला. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली. पंढरपूर, लातूर करीत १९२७ साली ती मिरजेला पोहोचली. मार्ग केवळ ७६२ मिलिमीटर रुंद. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली, आणि या शतकात टप्प्याटप्प्याने सारा मार्ग रुंद झाला. काकांचा जन्म वाईचा, १९५२ चा. त्या गाडीत ते कधीच बसले नाहीत. वडील गेले तेव्हा ते शाळेत होते. सात वर्षांचा तो मुलगा म्हणजे थोरले बंधू.

एकदा हिशेब करताना काकांच्या लक्षात आले की ७६२ मिलिमीटर सत्त्याऐंशीपट लहान केले तर पावणेनऊ मिलिमीटर होतात, म्हणजे काटोच्या रुळांत ती गाडी जवळजवळ नेमकी बसते. जपानातही अशा ७६२ मिलिमीटरच्या जुन्या छोट्या रेल्वे होत्या आणि तेथील लोक त्या याच युक्तीने करतात. लहान गाड्यांसाठी मोटर बसवलेला नुसता सांगाडा काटो वेगळा विकते. काकांनी असा एक सांगाडा मागवला. इंजिनात तो मावेना, म्हणून पहिल्या डब्याखाली बसवला. म्हणजे या गाडीत डबा इंजिनाला ढकलतो. बाकी सारे बिस्किटांच्या खोक्यांचा पुठ्ठा, सूत आणि फेविकॉल. फोटो एक-दोनच मिळाले होते. डब्यांना रंग कोणता द्यावा हे सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि त्याला विचारायची सोय नव्हती. काकांनी अंदाजाने करडा रंग दिला.

बाजारात या गाडीला किंमत शून्य. साध्वीजींच्या प्रश्नानंतर काकांनी सव्वीस इंजिने आधी मार्गी लावली. ती विकून आलेली रक्कम पांजरपोळला गेली, आणि ही नोंद मात्र दुकानाच्या वहीत झाली. पुठ्ठ्याच्या गाडीचे काय करायचे ते ठरेना. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सव्वातीन फूट लांब, दोन फूट रुंद अशी एक फळी कापून घेतली, तिच्यावर रुळांची एक फेरी बसवली, ती रिक्षात आडवी घातली आणि पूल ओलांडून थोरल्या बंधूंच्या घरी गेले. या वेळी उंबऱ्यावर थांबले नाहीत.

दादांना आता पंच्याऐंशी. दृष्टी अधू, जिना चढणे बंद. फळी त्यांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली. गाडी सुरू झाली. दादा बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले, मग भिंग मागितले.

“कुठली ही?”

“बार्शी लाइट, दादा.”

“एवढी पळत नव्हती ती.” आणि थोड्या वेळाने, “ढालगावला बाबांनी मला खिडकीतून आत दिला होता. दाराशी गर्दी होती. आईजवळ पितळी डबा, त्यात दशम्या. मिरजेला उतरलो तेव्हा डोळ्यांत कोळसा गेला होता, बाबांनी धोतराच्या सोग्याने काढला.”

सोगा, कोळसा, खिडकी. यातले काहीच काकांना ठाऊक नव्हते. त्यांनी वेग कमी केला. ताशी पंचवीस किलोमीटर हा खरा वेग धरला तर या मापात गाडी सेकंदाला आठ सेंटिमीटर जायला हवी. आठ फुटांची ती फेरी अर्ध्या मिनिटात व्हावी. साध्या मोटरला इतके हळू चालवणे कठीण जाते. रूळ अगदी स्वच्छ असेल तरच ते जमते. त्या दिवशी गाडी दोनदा अडकली. दोन्ही वेळा दादांनी बोटाने हलकेच ढकलली.

“रंग चुकलाय,” ते म्हणाले. “तांबडा होता. विटेसारखा, मळका.”

सात वर्षांच्या मुलाची आठवण किती खरी धरावी, हा प्रश्न आहेच. काकांनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी रंग आणि ब्रश घेऊन ते पुन्हा गेले.

गाडी आता तिकडेच असते. माडीवर बारा इंजिने आहेत, वहीतला आकडा वाढलेला नाही. दर रविवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर काका सुती कापड आणि अल्कोहोलची बाटली पिशवीत टाकून पुलावरून पलीकडे जातात. रूळ पुसून झाले की दादा विचारतात, “झाले का?” आणि मग स्वतःच बटण फिरवतात, नेहमीच थोडे जास्त.