ऊर्जा शेगडी गेली

२००६ च्या सुमारास बाजारात आलेली ऊर्जा शेगडी आता सोलापूरकडच्या खेड्यांत शोधावी लागते. सापडलीच तर माळ्यावर, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, नाहीतर ज्वारीच्या कणगीआड. अंगाने धडधाकट, पण बंद. गॅस आल्यामुळे तिच्यासाठी कुणी हळहळत नाही. मला मात्र तिच्याबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. आमच्या भागातल्या बायकांच्या डोळ्यांतलं पाणी थांबावं म्हणून प्रयोगशाळेत इतकी मेहनत घेऊन घडवलेल्या वस्तू फार थोड्या, आणि ही त्यांतली एक होती.

धुराचं दुखणं जुनंच. केंद्र सरकारने १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि २००२ मध्ये तो थांबवला. धुराडं काजळीने भरलं, की त्या चुलींचा धूर पुन्हा घरात यायचा. त्याच काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. एस. मुकुंदा आणि त्यांचे सहकारी काडीकचऱ्याच्या ज्वलनावर काम करत होते. त्यांच्या अभ्यासातून आणि बीपी या तेल कंपनीच्या पैशातून ही शेगडी उभी राहिली. गावागावांत ती पोचवण्याच्या कामात स्वयंसेवी संस्थाही होत्या. त्यांपैकी स्वयं शिक्षण प्रयोग ही किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे रुजलेली. त्यामुळे शेगडी विकायला टाय लावलेला माणूस आला नाही, बचत गटातली ओळखीची बाई आली. ओसरीवर बसून तिने ती पेटवून दाखवली. सुरुवातीची किंमत होती ६७५ रुपये. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत मिळून चार लाखांवर शेगड्या खपल्या. २००९ मध्ये बीपी बाहेर पडली आणि पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने धंदा हाती घेतला.

मोहोळ तालुक्यातल्या माझ्या मावशीकडे ही शेगडी होती. आत भट्टीच्या मातीचं अस्तर असलेलं भांडं. त्यात पेलेट ओतायचे. आम्ही त्यांना गोळ्याच म्हणायचो. चिपाड, शेंगांची टरफलं असा शेतातला उरलासुरला माल दाबून केलेल्या, करंगळीहून बारीक कांड्या. एका भरणीला सहाशे ग्रॅमच्या आसपास. वरून थोडं रॉकेल शिंपडून काडी लावायची, जाळ धरला की बुडाचा पंखा चालू करायचा. पंख्याची थोडी हवा खालून गोळ्यांमधून वर जाते आणि गोळ्यांचा गॅस होतो. उरलेली हवा काठाच्या भोकांतून आत शिरते आणि तो गॅस वरच्या वर जाळून टाकते. धूर व्हायच्या आधीच त्याचा जाळ झालेला असतो. गॅस शेगडीसारखं हे बटणावर कमीजास्त करता यायचं, आणि एका भरणीत तासभर स्वयंपाक व्हायचा. पातेल्याचं बूड काळं होत नाही, हे मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला पातेलं उलटं करून दाखवायची.

अडचणी होत्या. जाळ वरून खाली उतरत जातो, म्हणून मध्येच मूठभर गोळ्या टाकायची सोय नव्हती. डाळ शिजायच्या आत भरणी संपली तर पंचाईत. चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर भाकरी उभी करून फुगवायची मावशीची सवय मोडली, चिमट्याने थेट जाळावर धरायला ती शिकली. पण कडक भाकरीसाठी मंद आच लागते. पंखा हळू केला की ती आच तासभर हलायची नाही. तसल्या भाकऱ्या मावशीने चुलीवर कधी केल्या नव्हत्या, आणि गॅसवर करताना आजही तिचा जीव सिलिंडरकडे असतो.

पुढे शेगडीची बॅटरी वयोमानाने संपली आणि पंखा धुळीने जाम झाला. ते सुटे भाग शोधत आम्ही दोघं सोलापुरात नवी पेठेत गेलो. दुरुस्तीवाल्याने शेगडी उलटी केली, चार स्क्रू काढले, पंखा बोटाने फिरवून पाहिला.

"मिळतंय की मावशी. दुसरा पंखा बसवतो, बॅटरी इमर्जन्सी लाइटची चालंल. पण ह्यात जाळणार काय?"

"गोळ्या हैत की अर्धं पोतं."

"आन् संपल्यावर?"

"संपल्यावर बघू. आधी त्याला फिरू दे."

त्याने व्होल्टेज जुळवलं, नव्या पंख्याचे कान कानशीने घासून जुन्या जागेत बसवले, आणि बटण दाबल्यावर शेगडी घोंघावली. हे सोलापुरातच होतं. जुनी गिरणी १९६३ मध्ये बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णूही गेली, पण गिरण्यांनी घडवलेले जॉबर आणि टर्नर शहरात राहिले. यंत्रमागाचा एखादा भाग बाजारात नसेल, तर तुटका तुकडा नमुना म्हणून लेथवाल्यापुढे ठेवायचा. या शहरात वस्तू सुट्या भागासाठी अडून राहत नाही.

पण दुरुस्तीवाल्याचा प्रश्न खरा होता. या शेगडीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग तिच्या आत नव्हताच. तो कारखान्यात तयार होऊन, पोत्यात भरून, गावातल्या दुकानापर्यंत दर महिन्याला यायला लागायचा. लाकूड यात चालत नाही. पांढरा कोळसा, म्हणजे शेतकचरा दाबून केलेले ओंडके, मनगटाहून जाड, तो भांड्यात मावत नाही, आणि फोडला तर भुग्याने हवेची वाट बंद होते. सुरुवातीला गोळ्या किलोला पाच रुपयांच्या आसपास होत्या. मग कच्च्या मालाचा भाव चढला. साखर कारखान्यांनी सहवीजनिर्मिती उभारली आणि पूर्वी ज्या बगॅसचं, म्हणजे चिपाडाचं, काय करायचं हा प्रश्न असायचा, त्यालाच बॉयलरमध्ये मागणी आली. गोळ्या महागल्या, गावच्या दुकानदाराला त्यात काही सुटेना, आणि एकेका गावातून पोती यायची थांबली. कंपनीचा मोहरा मोठ्या शेगड्यांकडे, हॉटेलांकडे वळला. धंदा म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण चूल मोडून बसलेल्या बाईला पुन्हा सरपणाची मोळी आणावी लागली, हेही खरं. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि शेगडीचा विषयच संपला. २०२२ च्या मे महिन्यात घरगुती सिलिंडर हजाराच्या वर गेला, तेव्हा मावशीने माळ्याकडे एकदा पाहिलेलं मला आठवतं. तोवर गोळ्या कधीच्या संपल्या होत्या. शेवटच्या गोळ्या येळवशीच्या सणाला भज्जी आणि उंडे शिजवण्यात गेल्या.

मला सलतं ते हे की गोळ्या बनवण्याची विद्या मेलेली नाही. २०२१ च्या केंद्रीय धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास पेलेट मिसळायला सांगितले, आणि पेलेटचे कारखाने त्या मागणीकडे लागले. बॉयलरला मिळू शकणारी वस्तू स्वयंपाकघराला मिळू नये, हे मला पटत नाही. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो ओलं बगॅस निघतं. त्यातलं निम्मं पाणी. वाळवून दाबलं तर दीडशे किलो गोळ्या पदरात पडतात. दिवसाला दोन भरण्या धरल्या तर एका घराला वर्षाला साडेचारशे किलोच्या आत भागतं, म्हणजे तीन टन उसाचं चिपाड. उजनीच्या पाण्यावर एकरी चाळीस टन ऊस काढणारा शेतकरी आमच्याकडे गावोगाव आहे. त्याच्या एका एकराच्या चिपाडात तेरा घरांचा वर्षभराचा स्वयंपाक झाला असता.