आमच्या डोंगराचे माहेर

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातले आमचे ईट हे गाव बालाघाटाच्या पठारावर वसले आहे. भूगोलात या रांगेला हरिश्चंद्र-बालाघाट म्हणतात. म्हणजे आमच्या बोडक्या माळांचे माहेर पार तिकडे सह्याद्रीत, हरिश्चंद्रगडापाशी! तेथे डोंगरमाथ्यावर बारमाही पाणी असते असे कळल्यावर आमची सौ. म्हणाली, "अहो, एकदा ते डोळ्यांनी पाहायचंच." १९७२ च्या दुष्काळात, परकरी वयात, डोक्यावर घागर घेऊन तिने कोसभर पायपीट केलेली. साठीनंतरचा हा हट्ट मला मोडवेना.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे आम्ही खिरेश्वरहून निघालो. टोलार खिंडीतल्या वाघाच्या शिळेपर्यंत पाय कुरकुरले नाहीत. खरी परीक्षा पुढे होती. उभा कातळ, त्यात खोबण्या आणि आधाराला लोखंडी कठडे. मध्यावर तिचे गुडघे थरथरू लागले.

"फिरू या का मागे?" मी विचारले.

"डोक्यावर घागर नाही ना? मग चला!"

कातळ संपला तरी चढउतार संपेनात. एक टेकाड ओलांडावे, तो दुसरे पुढ्यात उभे. गडाची उंची १,४०० मीटरांहून थोडी अधिक. पण पायांना ती दुप्पट वाटली.

दुपारी सप्ततीर्थ पुष्करणीच्या पायऱ्यांवर टेकलो. एका अंगाला दगडी देवळ्यांची ओळ आणि समोर निश्चल पाणी. जवळच केदारेश्वराच्या लेण्यात भल्या थोरल्या शिवलिंगाभोवती कंबरभर गारठलेले पाणी; चार खांबांपैकी आता एकच उभा आहे. कातळ खोदून पाण्याला घर देणारे ते अनामिक कारागीर आम्हा दुष्काळी माणसांना फार जवळचे वाटले.

येथली मंगळगंगा मुळेवाटे गोदावरीला जाते. खिरेश्वरकडचे पाणी भीमेकडे वळते. आमच्याकडेही हाच डोंगर मांजरेला गोदावरीकडे आणि सीनेला भीमेकडे धाडतो. फरक एवढाच की, सह्याद्री ढगांना आधी रिते करून घेतो आणि आमच्या वाट्याला उरलेसुरले येते.

"एवढ्या पावसाच्या मुलखातही यांनी पाणी साठवून ठेवलं!" ती पुटपुटली.

उजेडात कठडे उतरायचे म्हणून लगेच उठलो. दिवेलागणीला खिरेश्वर गाठले. रात्री गुडघ्यांना तेल चोळता चोळता ती विचारू लागली, "आपल्या परसातल्या आडाचा गाळ काढायला किती माणसं लागतील हो?"