समृद्ध अडगळीची पहिली शंभर पानं

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही कादंबरी २०१० साली आली, तेव्हा तिच्या नावावरूनच बरीच चर्चा झाली होती. नेमाडे काही वर्षं आपल्या गोवा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, म्हणून थोडी जवळीकही वाटायची. मी ती हौसेने विकत घेतली, चाळली आणि सहाशे पानांचा ठोकळा बघून कपाटात ठेवून दिली. मग तिच्यावर लग्नपत्रिका, वीजबिलं, मुलांच्या जुन्या वह्या साचत गेल्या. म्हणजे अडगळीवरचं पुस्तक माझ्याच घरात अडगळ होऊन पडलं!

गेल्या महिन्यात ते बाहेर काढलं, त्याला कारण घडलं. फोंडा तालुक्यातलं आमचं जुनं घर विकायचा विषय निघालाय. भावंडांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो... "माळ्यावरची अडगळ कोण काढणार?" तेव्हा हे पुस्तक आठवलं.

आता शंभर पानं झाली आहेत. खंडेराव हा खानदेशातल्या शेतकऱ्याचा मुलगा, पुरातत्त्वाचा अभ्यासक. तो सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या उत्खननावर आहे. वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो आपल्या गावी, मोरगावला यायला निघतो. गोष्ट एवढीच, पण ती सरळ चालत नाही. एका आठवणीच्या पोटातून दुसरी निघते, कोण कुणाचा कोण हे कळेपर्यंत तिसरी. सुरुवातीला मी वैतागलो. कॉलेजात 'कोसला' (१९६३) एका दमात वाचली होती. पांडुरंग सांगवीकर हात धरून नेत होता. हा खंडेराव मात्र वाचकाची वाट बघत नाही. खानदेशी बोलीतले काही शब्द तर माझ्या डोक्यावरूनच गेले. घरात कोकणी बोलून मराठी वाचणारे आपण, पुस्तकी मराठी आपल्याला सोपी जाते, शेतकऱ्याची मराठी मात्र अडते. याचा विचार मी पूर्वी केला नव्हता.

मग वाटलं, हे उत्खननासारखंच तर चाललंय. मोहेंजोदडोत एका वस्तीवर दुसरी वस्ती उभी राहिली, थर खरवडत खाली जावं लागतं. पण इथेच माझा पहिला प्रश्न. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं फुटकं खापर जपून ठेवायला शिकलेला हा माणूस आपल्या घरातल्या वस्तूंचं, माणसांचं काय करणार? आणि दुसरा : अडगळ समृद्ध आहे, हे कुणी ठरवायचं? जो तिच्यात राहतो त्याने, की जो लांबून परत येतो त्याने? राहणाऱ्याला ती पायात येते. लांबून आलेल्याचा गळा भरून येतो, पण चार दिवसांनी तो निघून जातो. मी स्वतः पणजीत नोकरीला राहतो, सणाला गावी जातो. तेव्हा मी कुठल्या बाजूचा, हे सांगायला नको.

परवाच्या रविवारी आईला घेऊन माळा उघडला. तांब्याचं भाण, कातडं फाटलेलं घुमट, दांडा नसलेली कोयती, पोर्तुगीज कागदपत्रांची पेटी. मला सगळं सारखंच दिसत होतं. आई एकेक वस्तू हातात घेऊन सांगत होती : हे भाण कुणाच्या लग्नातलं, घुमट कोण वाजवायचं, कोयती कुणाच्या हातची. ती बोलत होती तोवर ती अडगळ नव्हती. ती खाली उतरली आणि पुन्हा अडगळ झाली.

नेमाड्यांना 'समृद्ध' म्हणताना हेच सांगायचं आहे का? सांगणारं माणूस आहे तोवरच समृद्धी? की खंडेरावाला याहून वेगळं काही सापडतं? अजून पाचशे पानं आहेत, घाईने निकाल द्यायचा नाही.

आपल्याकडच्या कायद्याने सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय घर विकता येत नाही. माझी सही राहिली आहे. दादाने चवथीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर पुस्तक संपवायचं, आणि दर रविवारी आईला माळ्यावर न्यायचं, या वेळी वही घेऊन, एवढं ठरवलंय.