रकान्यात एकटी आई

पुणे

चि. सोनूस,

तुझ्या सासरच्या पणजोबांच्या जन्मदाखल्याचा फोटो मिळाला. आईवडिलांच्या रकान्यात एकट्या आईचं नाव आणि मुलाच्या नावाखाली ‘अनौरस’ हा शब्द. तो वाचल्यापासून सासूबाई गप्प आहेत म्हणतेस. त्यांना आधी त्यांच्याच देशातल्या एका मुलाची गोष्ट सांग.

लॉसिमाउथ हे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. तिथे १२ ऑक्टोबर १८६६ रोजी अ‍ॅन रॅम्से या मोलकरणीला मुलगा झाला. बाप जॉन मॅकडोनाल्ड, शेतावरचा गडी. लग्न झालं नाही. जन्मनोंदीच्या वहीत मुलाचं नाव लागलं ‘जेम्स मॅकडोनाल्ड रॅम्से’.

हे नाव नीट बघ. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी १८५५ला सुरू झाली. लग्नाविना झालेल्या मुलाच्या बापाने स्वतः येऊन आईबरोबर सही केली, तरच त्याचं नाव लिहायचं, असा कायदा. एकट्या आईने कितीही सांगितलं तरी कारकुनाचा हात बांधलेला. मग कितीतरी आयांनी बापाचं आडनाव मुलाच्याच नावात मधे घातलं. मुलाचं नाव काय ठेवावं, यावर कायद्याचा ताबा नव्हता!

शाळेच्या पटावर हा मुलगा मॅकडोनाल्डच होता. पुढे १९१४मध्ये त्याने महायुद्धाला विरोध केला, मजूर पक्षाचं नेतेपद सोडलं. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९१५मध्ये होरेशिओ बॉटमलीच्या ‘जॉन बुल’ साप्ताहिकाने त्याचा जन्मदाखला जसाच्या तसा छापला. आपली नोंद रॅम्से आडनावाने आहे हे तोवर ठाऊकच नव्हतं, असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. आई १९१०मध्येच गेली होती. ही विटंबना तिला बघावी लागली नाही.

१९२४मध्ये तोच मजूर पक्षाचा ब्रिटनमधला पहिला पंतप्रधान झाला: रॅम्से मॅकडोनाल्ड. १९३२चा जातीय निवाडा त्याचाच. त्यावरून येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला.

म्हणून पणजोबांचा बाप अज्ञात होता, असं त्यांच्या दाखल्यावरून म्हणता येत नाही. तो सहीला आला नाही, एवढंच कळतं. आधी पणजोबांचं मधलं नाव बघ. मग कडेला शेरा आहे का ते पाहा. आईने पोटगीचा दावा जिंकला असेल, तर शेरिफ कोर्टाचा निकाल दुरुस्तीच्या वेगळ्या वहीत चढे. चर्चच्या पंचांच्या वह्याही चाळ; हे पंच अविवाहित आईला समोर उभं करून बापाचं नाव विचारत. पणजोबांच्या लग्नाच्या दाखल्यातलं बापाचं नाव मात्र जपून घे. लाजेपोटी आजोबांचं किंवा मनातलंच नाव सांगणारे पुष्कळ होते.

आणि एक. त्या खापरपणजीचं नाव दाखल्यावर आहे, पण तुझ्या पत्रात कुठेच नाही. ती कुठे कामाला होती, मूल घेऊन पुढे कुठे राहिली, तेही शोध आणि मला लिही.

तुझी आत्या