पावागड : नाहीशा झालेल्या दुर्गाची उरलेली साक्ष

गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यात सपाट मैदानातून एकाएकी वर आलेला पावागड समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. कालिकामातेच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू माचीपर्यंत वाहनाने येतो आणि पुढे रोपवेने किंवा पायऱ्यांनी शिखर गाठतो. वाटेत त्याला कमानी, तटाचे तुकडे आणि छप्पर हरपलेल्या भिंती दिसतात. एका नांदत्या दुर्गातून आपण जात आहोत, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

हा दुर्ग खिची चौहानांचा. सुलतान महमूद बेगडा याने त्याला सुमारे २० महिने वेढा घातला, तेव्हा कुठे १४८४ मध्ये तो पडला. बेगड्याने पायथ्याच्या चांपानेरला राजधानीचे वैभव दिले. १५३५ मध्ये हुमायूनचे सैनिक कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून वर चढले आणि गड गेला. पुढे राजधानी अहमदाबादला परतली, शहर ओस पडले आणि रानाने ते पोटात घेतले. गड अठराव्या शतकात शिंद्यांकडे आला व १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकला. पण चौहानांच्या वाड्यांची जोती तोवर कधीच मातीआड गेली होती.

वाडे गेले, तरी ते तेथे का उभे राहिले याचे उत्तर खडकात आहे. पावागड दख्खनच्या लाव्हाचाच एक तुकडा. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. सह्याद्रीतील किल्ल्यांप्रमाणे येथेही थरांवर थर साचून बेसॉल्टचे कडे आणि सपाट टप्पे तयार झाले. माथ्यावर मात्र ऱ्हायोलाइट हा सिलिकाचे प्रमाण अधिक असलेला, कठीण खडक आहे. कड्यांनी तटाचे निम्मे काम केले आणि सपाट टप्प्यांनी वस्तीला जागा दिली.

उरला प्रश्न पाण्याचा. माथ्यावर नदी नाही. आहे तो केवळ पावसाळा. म्हणून दूधिया, छासिया, तेलिया या नावांचे तलाव डोंगरावर आजही आहेत. कड्याच्या काठावर घुमटाकार छतांचे नवलखा कोठार आहे. वीस महिन्यांच्या वेढ्यात निदान एक पूर्ण पावसाळा येतोच. तेव्हा दुर्ग टिकला तो केवळ तलवारीवर नव्हे, साठवलेल्या पाण्यावर आणि धान्यावर. बखरी आणि तवारिखा विजयाची तारीख सांगतात. तग कसा धरला, हे तलावाचा बांध सांगतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ आर. एन. मेहता यांच्या उत्खननांतून चांपानेरचे रस्ते, घरे, बागा आणि पाण्याचे पाट पुन्हा उजेडात आले. २००४ मध्ये चांपानेर-पावागडाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मात्र दर्जा मिळाल्याने अवशेष आपोआप सुरक्षित होत नाहीत. पुरातत्त्वज्ञाला लागते ती नुसती वस्तू नव्हे, तर ती ज्या थरात सापडली तो थर. खापराचा तुकडा, कोळशाचा कण, चुन्याचा लपका आपल्या जागी असेल, तरच त्याचा काळ व उपयोग ठरवता येतो. थर एकदा उसकटला की तुकडा उरतो, पण त्याची साक्ष जाते. शास्त्रशुद्ध उत्खननातही थर मोडतोच. फरक इतकाच, की तेथे मोडण्याआधी त्याची नोंद होते. यंत्राने चर खणताना ती होत नाही.

पावागड जिवंत तीर्थ आहे. भाविकांना वाट, पाणी, सावली हवीच. ती मागणी न्याय्य आहे. परंतु त्यासाठी फावडे पडण्यापूर्वी खालच्या जमिनीचे सर्वेक्षण होणे, हेही तितकेच न्याय्य आहे. भिंत पडली तर तिचे दगड पुन्हा रचता येतात. न वाचलेला थर मात्र एकदाच वाचता येतो.