पी. पी. नंबरवर वाढलेली पिढी

पुण्यातल्या पेठांतले वाडे सोडून १९८०च्या दशकात आमचे आईवडील कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत, मयूर कॉलनीत, आयडियल कॉलनीत राहायला आले, ते गैरसोयींची तयारी ठेवूनच. बस वाढल्या, रस्ते झाले, पण फोनचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राही. घाई असेल त्यांनी 'ओवायटी'त ('ओन युवर टेलिफोन' योजनेत) हजारो रुपये आगाऊ भरायचे. घराचे हप्ते फेडणाऱ्या नोकरदाराकडे ते कुठून येणार? म्हणून बिल्डिंगमध्ये एखाददुसराच फोन असे, बहुधा डॉक्टरांकडे किंवा टेलिफोन खात्यात असलेल्या कुणाकडे. बाकीच्यांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर छापलेला, पुढे 'पी. पी.'.

त्या घरांनी आमच्यासाठी काय सोसलं ते आम्हाला मोठेपणी उमगलं. भरल्या ताटावरून उठून खालच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, "अगं, नाशिकहून फोन आहे, लवकर ये!" जिना उतरून धावायचं आणि त्यांच्या सगळ्या घरादारासमोर बोलायचं. बाळंतपण, बदली, ठरलेलं लग्न, कुणी गेल्याची बातमी, सगळं काकूंना आमच्याबरोबरच कळे. आम्ही रिसीव्हर ठेवायच्या आत पाण्याचं भांडं पुढे आलेलं असे. बाहेरगावी बोलायचं तर १८० फिरवून ट्रंक कॉल लावायचा, 'अर्जंट'चे जास्त पैसे द्यायचे आणि काकूंच्याच सोफ्यावर वाट बघत बसायचं.

पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथनी आमची पहिली सुटका केली. त्यामागे सॅम पित्रोदा आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं काम होतं, म्हणजे ती किमया सरकारी प्रयत्नांचीच. बूथ मात्र माणसं स्वतः चालवायची. त्यांत अपंगांना प्राधान्य होतं आणि कित्येकांचे संसार त्या मीटरवर उभे राहिले. रात्री अकरानंतर पाव दर लागे. कर्वे पुतळ्याजवळ, पौड रस्त्यावर त्या वेळी रांगा लागत. स्वेटर घातलेली, चिठ्ठीवर मुद्दे लिहून आणलेली माणसं काचेतून मीटरच्या लाल आकड्यांवर नजर ठेवून बोलत. मुलगा अमेरिकेत असेल तर बोलणं आणखी आखूड. नव्वदच्या दशकाच्या अखेरीसही तिकडचा दर मिनिटाला साठ रुपयांच्या पुढे होता. "जेवतोस ना नीट?" एवढ्यात पल्स उलटे.

१९९४ च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. ते त्या मुदतीत गाठलं गेलं नाही. १९९७ मध्ये महाराष्ट्रात बिर्ला एटी अँड टीचा मोबाइल आला, बीपीएलचाही आला. बिर्लांच्या कंपनीची पुढे 'आयडिया' झाली आणि देशभर पसरलेला तिचा कारभार आमच्या शेजारी, कर्वे रस्त्यालगतच्या शारदा सेंटरमधून चाले, याचं कोथरूडकरांना अप्रूप होतं. पण सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर आणि आलेला फोन उचलायचेही पैसे! आमच्या घरांत तो हँडसेट आला नाही.

खासगीकरण झालं आणि फोन स्वस्त झाला, असं आता सहज म्हटलं जातं. आमचा अनुभव तसा नाही. सुरुवातीच्या कंपन्या अवाढव्य परवाना शुल्काखाली दबल्या होत्या. १९९७ मध्ये ट्राय हे दूरसंचार नियामक प्राधिकरण आलं, १९९९ च्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं, नवे स्पर्धक आले. २००० मध्ये खात्यातून बीएसएनएल वेगळी काढली गेली आणि दोन वर्षांनी तिनेही मोबाइल सुरू केला. २००२ च्या एप्रिलमध्ये परदेशी फोनवरची व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली. २००३ मध्ये येणारा कॉल फुकट झाला, त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात दिला. स्पर्धा, नियामक आणि मैदानात टिकून असलेली सरकारी कंपनी, ही तिन्ही एकत्र आली तेव्हाच आमच्या आया मुलांशी घड्याळ न बघता बोलू लागल्या. त्यांचा तो आनंद आम्ही पाहिला आहे आणि त्यासाठी या बदलाचे आम्ही मनापासून ऋणी आहोत.

'आयडिया' आणि व्होडाफोन इंडिया २०१८ मध्ये एकत्र झाल्या. थकलेल्या देण्यांचं भागभांडवल झालं आणि आज त्या कंपनीत सर्वांत मोठा वाटा सरकारचा आहे. बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. भर पावसात खांबावर चढून आमच्या लाइनी जोडणारे हात त्यांच्यातलेच. त्यांच्यापैकी काही जण आमच्याच सोसायट्यांमध्ये राहतात. खासगी कंपनीचा मुलगा फायबर टाकायला येतो आणि जिन्यातून वायर कुठून न्यायची यावर अडतो, तेव्हा वॉचमन त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे पाठवतो. जुना पाइप कुठून गेलाय ते काकांना पाठ आहे.